शर्यत आणि नवस

मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावर घोडे धावतात. त्यांच्या टिपा मात्र इच्छापुरापर्यंत येतात. परवा एका भाविकाने, अशा टिपेसाठी इच्छादेवीस नवस बोलावा काय, असे आम्हांस विचारले.

१९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांच्या शर्यतीस कौशल्याचा खेळ ठरविले, हे खरे. परंतु अश्वविद्येत निपुण असा नलराजाही द्यूतात राज्य हरलाच. शिवाय टोटाच्या खिडकीवर जिंकणाऱ्यास मिळणारा पैसा, क्लबाचा व सरकारचा वाटा वजा जाता, हरणाऱ्यांच्याच खिशातून येतो. आमचा नवस फळावयाचा तर इतरांनी हरलेच पाहिजे. एका लेकराचे काढून दुसऱ्यास दे, असे आईस कोणत्या तोंडाने विनवावे?

इच्छा अवश्य मागावी. परंतु सर्वांदेखत मोठ्याने मागता येईल, तीच मागावी.