घर राखणाऱ्याचे पुण्य

एका घरी दोघे भाऊ आहेत. आजापासून चालत आलेले वावर एकत्र आहे, चूल एक आहे. थोरला माळकरी, दरसाल आषाढीला दिंडीबरोबर पायी जातो. धाकटा घरी राहतो. आता पंढरीला जे पुण्य लाभते ते कोणाचे? थोरल्याचे, असे आपण चटकन म्हणून टाकतो. पण सज्जनहो, वऱ्हाडातल्या माणसाने तरी इतक्या सहजी उत्तर देऊ नये.

कारण आपली वारी लांबची. देहू-आळंदीकडचा वारकरी दोन-तीन आठवड्यांत पंढरीस पोचतो. शेगावची श्रीगजाननमहाराजांची पालखी मात्र ज्येष्ठाच्या शुद्ध पक्षातच निघते आणि महिन्यावर चालत राहते. कौंडण्यपूरहून रुक्मिणीमातेची पालखी निघते तिचीही वाट लांबचीच. हा महिना म्हणजे नेमका मृगाचा, पेरणीचा. थोरला टाळ हाती घेतो तेव्हा कोणाला तरी तिफण हाती घ्यावीच लागते. पाऊस दडी मारून बसला तर दुबार पेरणी आली. त्यात मूर्तिजापूरकडचा पूर्णाकाठ म्हणजे खारपाणपट्टा. विहिरीचे पाणी खारट, ते पिकाला चालत नाही की माणसाला. सारी भिस्त आभाळावर. अशा मुलखात पेरणीचा एक दिवस चुकला तर पुढे सारे साल चुकते. तो दिवस जो सांभाळतो त्याच्याच बळावर थोरला निश्चिंतपणे नाम घेत चाललेला असतो.

आणि धाकटा एकटा थोडाच सांभाळतो? डवरणीला सालदार असतो, निंदणाला घरच्या सुना आणि मजूर बाया असतात. दिवाळीच्या सुमारास पऱ्हाटी फुटली की वेचणीला त्याच बाया वाकतात. वेचणीच्या आरंभी सीतादहीची पूजाही बाईच्याच हातची. सालदाराचा निदान पाडव्याला हिशेब होतो. सुनेचा हिशेब कोणी करीत नाही, आणि सात-बाराच्या उताऱ्यावर तिचे नाव शोधायला गेले तर बहुतेक घरी ते नवऱ्यामागेच लागलेले दिसते. शेतकरी संघटनेने 1990 च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून बायकोच्या नावे जमीन करा म्हटले, तेव्हा पुष्कळ गावांत ते झालेही. पण ज्या गोष्टीसाठी मोहीम काढावी लागते ती अंगवळणी पडलेली नव्हती, हे उघड आहे.

आता या प्रश्नाची दुसरी बाजू. वावर हे बंधन आहे, आणि बंधन तोडून जाणारा थोर, असेही आपण ऐकत आलो. मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरे गावची गोष्ट या जागी आठवते. शेंडगावला 23 फेब्रुवारी 1876 रोजी जन्मलेला देबूजी, पुढचे गाडगेमहाराज, बाप झिंगराजी वारल्यावर आई सखूबाईबरोबर आजोळी दापुऱ्यास आला. आजा हंबीरराव, मामा चंद्रभान. पोराने गुरे राखली, मग औत धरले, आणि मामाच्या वावरात असा राबला की गावकऱ्यांनी बोट दाखवावे. म्हणजे ज्या घराण्याचा तो वारस नव्हता त्याचा कारभार त्याच्या अंगावर होता.

पुढे सावकार आला. हे प्रकरण एकट्या चंद्रभानाचे नव्हे, साऱ्या वऱ्हाडाचे आहे. 1853 साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. नंतरच्या सर्व्हे-बंदोबस्ताने खातेदाराला जमीन विकण्याचा, गहाण टाकण्याचा हक्क मिळाला. अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस विलायतेला मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. भाव आला तशी उधारी वाढली. भाव उतरला, उधारी राहिली. ज्या हक्काने कुणबी मालक झाला त्याच हक्काने वावर सावकाराच्या चोपडीत गेले. चंद्रभान विश्वासाने व्यवहार करीत गेला, लिहिणे-वाचणे सावकाराच्या हाती, आणि जमीन गेली. त्या धक्क्यातून तो उठला नाही. सावकार ताबा घ्यायला वावरात उतरला तेव्हा देबूजी आडवा झाला, ही हकीकत प्रबोधनकार ठाकऱ्यांनी 1952 साली लिहिलेल्या चरित्रात आली आहे.

आणि हाच देबूजी 1 फेब्रुवारी 1905 ला घर सोडून निघून गेला. ज्या मातीसाठी भांडला ती टाकली. घरी म्हातारी आई, बायको कुंताबाई आणि लेकरे. पुढे पूर्णेकाठी ऋणमोचनच्या यात्रेत मायलेकांची भेट झाली, घरी चल म्हणून विनवणी झाली. ते परतले नाहीत. (ऋणमोचन हे नाव त्या जागी किती टोचत असेल, असे मनात येते.)

त्यांनी जे उभे केले ते आपणा सर्वांपुढे आहे. पंढरपुरातली चोखामेळा धर्मशाळा, मूर्तिजापूरचे गोरक्षण, कितीतरी घाट आणि अन्नछत्रे. त्यातल्या एकाही गोष्टीवर आपल्या नातलगांचा हक्क चालू दिला नाही. कीर्तनातून ते गावोगाव ओरडून सांगत गेले की कर्ज काढू नका, कर्ज काढून सण आणि तीर्थयात्रादेखील करू नका. मामाचे वावर डोळ्यांदेखत गेलेले, त्याशिवाय हे बोल इतके धारदार झाले नसते. तेव्हा त्यांचे जाणे चूक म्हणायला माझी जीभ धजत नाही. पण ज्या घरातून ते गेले त्या घरात दुसऱ्या दिवशी सकाळी जोंधळा दळायला जात्यावर कोण बसले असेल? कुंताबाईने राखलेल्या दिवसांना आपण काय नाव देणार? त्याग एकाने केला, भार दुसरीवर पडला. आणि तिला कोणी विचारले नव्हते.

आपल्या परंपरेत याहून निराळा दाखला आहे. तुकोबांचे थोरले बंधू सावजी विरक्त होऊन तीर्थाटनास गेले, म्हणून घरचा भार मधल्या तुकोबांवर आला. म्हणजे तुकोबा मूळचे राखणारे. पुढे त्यांनाही वैराग्य आले. तेव्हा चरित्रकार सांगतात की वडिलोपार्जित सावकारीचे कागद त्यांनी पुढ्यात घेतले, निम्मे धाकट्या कान्होबाला वाटून दिले, आणि आपल्या वाटणीचे तेवढे इंद्रायणीत सोडले. या एका कृतीत मला सारा विवेक दिसतो. दुसऱ्याच्या वाटणीचा त्याग करता येत नाही. तो करणे म्हणजे दुसऱ्याच्या पैशाने दानधर्म होय. (जिजाईला त्या दिवशी काय वाटले असेल ते अर्थात वेगळे.)

आजच्या घरात तोच प्रश्न दुसऱ्या वेषात येतो. एक भाऊ पुण्याला नोकरीवर, एक वावरात. 2002 सालापासून बीटी सरकी आली, बियाणे दरसाल विकत, फवारणीही विकत; भाव मात्र बाजार ठरवतो. राखणारा कर्जात, गेलेला पगारात. वाटणीच्या दिवशी दोघे समान, आणि 2005 च्या कायद्याने लेकींचाही जन्मतः समान वाटा. हे योग्यच आहे. कायद्याला राबण्याचा हिशेब ठेवता येत नाही, तो घरच्यांनीच ठेवायचा. पण वाटा मागताना गेल्या वीस सालांचे कर्जही मागणारे भाऊ किती, ते गावोगाव पाहून घ्यावे.

मग पहिल्या दोघा भावांचे काय? कोणी म्हणेल, आळीपाळीने जावे. त्यावर थोरला म्हणेल, माझी वारी चुकेल, नेम मोडेल. मला हे पटत नाही. आपल्याकडे वडिलांची वारी मुलगा चालवतो. बाप थकला म्हणून वारी तुटली असे कोणी म्हणत नाही. याचा अर्थ वावरासारखी वारीही घराण्याची असते, एकट्या माणसाची नव्हे. धाकटा गेला तरी घरची वारी पोचली. धाकटी सून गेली तरी पोचली. ज्या साली ती दोघे दिंडीत असतील त्या साली तिफण थोरल्याच्या हाती राहील, सालदाराच्या भाकरीची सोय त्याची कारभारीण पाहील, आणि मृग कोरडा गेला तर दुबार पेरणीचे बियाणे कोठून आणायचे ही रात्रीची काळजीही त्यालाच करावी लागेल.