भिंतीवरच्या चित्राचे देयक

रेल्वे स्थानकाच्या भिंती चित्रांनी सजविण्यासाठी सार्वजनिक पैसा खर्च करणे नीतीला धरून आहे काय, हा प्रश्न आमच्या भागात आता केवळ वादविवादापुरता राहिलेला नाही. अमृत भारत स्थानक योजनेच्या यादीत पांढुर्ण्याचे नाव आहे, आणि स्थानकाच्या रूपात स्थानिक कला व संस्कृती दिसावी, हा त्या योजनेचा एक घोषित हेतू आहे. सौंसरची छोटी लाईन २०१५ च्या अखेरीस बंद झाली आणि तिच्या जागी मोठे रूळ आले. नवे स्थानक म्हटले की नव्या भिंती आल्या, आणि त्या भिंतींवर काय असावे, हा विचारही आला.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो : आधी पाणी, आधी सावली, आधी स्वच्छतागृह, चित्रे मागाहून. आक्षेप प्रामाणिक आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. परंतु आयुष्यभर अंदाजपत्रके चाळल्यानंतर आम्हांला एक गोष्ट खटकते. ग्रॅनाइटच्या फरशीला, काचेच्या दर्शनी भागाला, छताखालच्या खोट्या छताला कोणी विचारीत नाही की, तू नळाच्या आधी कशी आलीस? कुंचला घेतलेला माणूस दारात उभा राहिला की मात्र आपल्याला तहानलेला प्रवासी आठवतो. काटकसरीची ही जाणीव इतकी निवडक असेल, तर तिच्या मुळाशी काटकसरीखेरीज दुसरेही काही असले पाहिजे.

याचा अर्थ सुंदर वास्तूला सर्व खर्च माफ असतो, असे मात्र नव्हे. मुंबईचे बोरीबंदर पाहावे. १८७८ साली सुरू झालेले ते काम दहा वर्षे चालले. वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. खर्च सोळा लाखांहून अधिक रुपये. तेथील दगडी पानाफुलांत आणि पशुपक्ष्यांत सर जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे, तर घुमटावरची 'प्रगती'ची मूर्ती थॉमस अर्प यांची. २००४ साली ही वास्तू जागतिक वारशाच्या यादीत गेली आणि आपण सर्वांनी अभिमान बाळगला. तो योग्यच होता. पण ती उभारणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या भागधारकांना भांडवलावर पाच टक्के व्याजाची सरकारी हमी होती, आणि कमी पडेल ते या देशाच्या महसुलातून भरून दिले जाई. १८७६ ते १८७८ या काळात दख्खन दुष्काळाने होरपळत होते. कोरीव दगडांचा भार शेवटी ज्या रयतेवर पडू शकत होता, तिला कोणी विचारलेही नव्हते. वास्तू टिकली, डोळ्यांना सुख देत राहिली, म्हणून ते न विचारणे धुऊन निघत नाही. खर्च किती झाला, यापेक्षा तो कोणाच्या माथी बसला, हा प्रश्न आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो तो यामुळेच.

या प्रश्नाचे आजचे रूप बिहारमधील मधुबनी येथे दिसते. ऑक्टोबर २०१७ मध्ये तेथील स्थानकाच्या भिंती मिथिला शैलीच्या चित्रांनी भरल्या. शंभराहून अधिक कलावंत, त्यांत मोठ्या संख्येने स्त्रिया, आणि सात हजार चौरस फुटांहून अधिक भिंत. हे सारे श्रमदान होते. कलावंतांना कामाचे मानधन नव्हते. पुढे २०१८ साली रेल्वेच्या सुशोभन स्पर्धेत आपल्या विदर्भातील बल्लारशाह आणि चंद्रपूर या स्थानकांना पहिले पारितोषिक मिळाले, आणि मधुबनीला मदुराईसह दुसरे. वर्तमानपत्रांतून कौतुक झाले, आणि एवढी शोभा जवळजवळ फुकटात झाली, हाही कौतुकाचाच विषय ठरला.

आमचे मत याच्या नेमके उलट आहे. तो खर्च टळला नाही. तो फक्त कागदावरून उतरून कलावंताच्या घरात गेला. जिचे घर चित्रे विकून चालते, तिचे बुडालेले दिवस कोणत्याही लेखाशीर्षात दिसत नाहीत, एवढेच. त्याच स्थानकात सिमेंटवाल्याला, वीजजोडणीवाल्याला, परांची बांधणाऱ्या मजुराला कोणी श्रमदान मागत नाही.

यावर कोणी म्हणेल की, सेवाभाव ही तर आपली परंपरा आहे. गाडगेबाबांनी गावेच्या गावे झाडली, त्याचे मोल कुठे मागितले? मागितले नाही, हे खरेच. पण बाबांना झाडायला कोणी कार्यालयातून सांगितले नव्हते. ज्याला 'नाही' म्हणता येते, त्याचेच देणे दान होय. ओळख मिळेल, पुढे कामे मिळतील या आशेवर, मोठ्या खात्याच्या बोलावण्यावरून गरीब कलावंत जे देतो, त्याला दान म्हणताना आमची जीभ अडखळते. आपल्या गावगाड्यात अन्याय उदंड होते, त्यांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तरी कुंभाराचे आणि सुताराचे बलुते खळ्यावर बाजूला काढले जाई. देणे लागतो, ही गोष्ट तरी तेथे उघड होती.

दुसरा दोष मोजमापाचा. भिंतीचा रंग चौरस मीटरने मोजतात आणि कमी दराच्या निविदेला काम देतात. चुन्याच्या हातासाठी ही रीत उत्तम आहे. चित्रालाही तीच लावली की काम ठेकेदाराकडे जाते, आणि ठेकेदार आपल्या उपठेकेदाराकडून, जालावरची चित्रे समोर ठेवून, वाघ आणि मोर उतरवून घेतो. मग वाघाला मिशा असल्या तरी पुरे. चार वर्षांनी ओल आली, पानाच्या पिचकाऱ्या पडल्या, की नवा ठेकेदार त्यावर पिवळा हात फिरवतो, कारण चित्राच्या देखभालीचे शीर्षच नसते.

आमच्याकडे कलावंतांचा दुष्काळ नाही. सौंसर तालुक्यातील पारडसिंगा येथे 'ग्राम आर्ट प्रोजेक्ट' आहे. तेथील स्त्रियांच्या बीजराख्या गावाबाहेर दूरवर पोहोचल्या आहेत. तेव्हा पांढुर्णा असो की सौंसर, अंदाजपत्रकात तीन ओळी वेगळ्या असाव्यात, असे आम्ही सुचवू : संकल्पनेचे मानधन, कामाचे मानधन, आणि पुढील दहा वर्षांची डागडुजी. भिंतीच्या कोपऱ्यात कलावंताचे नाव असावे, निदान उद्घाटकाच्या नावाएवढ्या अक्षरांत. एवढ्यासाठी रक्कम नसेल, तर भिंत पांढरी ठेवावी. पांढऱ्या भिंतीने कोणाचे काही बुडत नाही.

राहता राहिला प्रश्न काय रंगवावे, याचा. संत्री आणि कापूस यांवर कोणाची हरकत नसेल, जामसावळीच्या मारुतीवरही नसेल. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात होणारी गोटमार भिंतीवर काढावी की नाही, यावर गावात भांडण होईल, आणि ते झालेच पाहिजे. फक्त त्या बैठकीस चित्रकारालाही बोलवावे, आणि त्या दिवसाचा भत्ता द्यावा.