कानातलं प्रवचन आणि मागून आलेली हाक



पहाटे फिरायला जाताना फोन घरीच ठेवायचा, असं आम्ही दोघांनी चातुर्मासात ठरवलं. मुलाने दिलेली घड्याळं हाताला होतीच. रात्री घड्याळ चार्जिंगला लावून घरच्या वायफायवर महाराजांच्या प्रवचनाचे भाग त्यात उतरवून घ्यायचे, सकाळी ब्लूटूथची कानातली जोडायची, झालं. वाटेत ना रिंग, ना ग्रुपवरचे गुड मॉर्निंग. दर पाच मिनिटांनी खिशाकडे जाणारा हात थांबला, हा फायदा खराच.

सुलतान बाजार त्या वेळी वेगळाच असतो. शटर बंद, गर्दी नाही, मेट्रोचे खांब तेवढे उभे. तिथून कोठीला वळसा घालून जांबागला विवेक वर्धिनीपर्यंत जायचं आणि परत. 45 मिनिटांचं प्रवचन दीडपट वेगाने लावलं की 30 मिनिटांत संपतं. (हे महाराजांना सांगायचं धाडस अजून झालेलं नाही.)

मागच्या गुरुवारी परत येताना दूधवाल्याने आम्हाला हात आडवा करून थांबवलं. कोपऱ्यावरच्या घरातल्या आजी पायरीवरून घसरल्या होत्या. आम्ही जातानाच त्या पडलेल्या होत्या, तीन हाका मारल्या म्हणे. आम्ही तसेच पुढे गेलो. हाड मोडलं नाही, मुका मार आहे, ही गुरुकृपा. पण "आवाज दिला की तुम्हाला!" असं आजी म्हणाल्या तेव्हा आमच्या तोंडून काय निघालं? "आजी, महाराजांचं प्रवचन चालू होतं." आणि खरं सांगायचं तर ते सांगताना ओशाळलेपण कमी, ऐट जास्त होती. सिनेमाची गाणी ऐकत असतो तर आधी माफी मागितली असती.

श्रवणभक्ती म्हटलं की आपण परीक्षित राजाचं उदाहरण देतो. राज्य जनमेजयावर सोपवून तो गंगातीरी बसला आणि शुकाचार्यांच्या तोंडून सात दिवस भागवत ऐकलं. पण ते सात दिवस त्याच्या वाट्याला आले कशामुळे? शिकारीत तहानलेला राजा शमीक ऋषींच्या आश्रमात पाणी मागायला गेला. ऋषी ध्यानात होते, त्यांना ऐकूच गेलं नाही. राजा चिडला, मेलेला साप त्यांच्या गळ्यात टाकला, आणि ऋषिपुत्राने शाप दिला. म्हणजे एवढ्या मोठ्या श्रवणाची कथा सुरू होते ती एका न ऐकलेल्या हाकेपासून! इतक्या वेळा सप्ताहाला बसलो, हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

शमीकांना दोष कसा देणार? त्यांची समाधी खरी होती. आणि भानावर आल्यावर त्यांनी राजाला बोल लावला नाही, शाप दिल्याबद्दल मुलालाच समज दिली. आमचं काय? आमची समाधी दीडपट वेगाची, तीही पावलं मोजत. त्या दिवशीचा विषय काय होता, हे घरी येऊन एकमेकांना विचारलं तर दोघांनाही धड सांगता आलं नाही. घड्याळाला नावं ठेवून सुटता येईल असं हे प्रकरण नाही. प्रवचन 'संपवलं' याचाच आनंद आम्हाला होत होता.

संध्याकाळी आजींकडे माफी मागायला गेलो. एका गुरुबंधूंनी सुचवलं, एकाच कानात लावा. तेही करून पाहिलं. प्रवचनही अर्धवट, बाजारही अर्धवट.

आता फिरताना कान मोकळे ठेवतो. परत आल्यावर घरातून फोन आणून आजींच्या पायरीवर बसतो आणि प्रवचन मोठ्याने लावतो, महाराज बोलले त्याच वेगाने. आजी मध्येच थांबवतात, "काय म्हणाले ते?" विचारतात. मग आम्हाला सांगावं लागतं, आणि सांगता येत नाही तेव्हा मागे जाऊन पुन्हा ऐकावं लागतं. त्या गुरुवारचा भाग चार दिवस झाले, अजून चालूच आहे.