संचित, प्रारब्ध आणि साठ पत्ते

ज्या कृतीच्या फळात यदृच्छेचा, म्हणजे कोणाच्याही हेतूवाचून घडून येणाऱ्या योगायोगाचा, वाटा असतो, त्या फळाची जबाबदारी कर्त्यावर कितपत येते, हा प्रश्न भारतीय विचारात दैव आणि पुरुषकार यांच्या वादाच्या रूपाने फार पूर्वीपासून चालत आला आहे. दैव म्हणजे माणसाच्या हाताबाहेरचे कारण आणि पुरुषकार म्हणजे त्याचा स्वतःचा प्रयत्न. प्रत्यक्ष जीवनात या दोहोंची सरमिसळ इतकी दाट असते की ती निरखून पाहणे कठीण होते. परंतु ‘ट्रेडिंग कार्ड गेम’ या अलीकडच्या खेळप्रकारात ती नियमांनीच वेगळी मांडलेली असते, आणि म्हणून स्थानिक स्पर्धेसाठी पत्त्यांचा संच पारखून सिद्ध करण्याचे काम या जुन्या प्रश्नाच्या विचाराला मोठे साहाय्य करते.

रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने रचलेला ‘मॅजिक : द गॅदरिंग’ १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यापासून हा प्रकार रूढ झाला. त्याचे वेगळेपण सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेशेजारी ठेवले असता स्पष्ट होते. गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एकपासून दहापर्यंतची अशी बारा पाने, मिळून १२० पानांचा एकच जोड असतो. तो सर्व खेळाडूंना समाईक असतो आणि त्याच्या रचनेत कोणाचाही हात नसतो, त्यामुळे वाटपातून येणारे दैव सर्वस्वी बाहेरचे असते. ‘मॅजिक’मध्ये मात्र प्रत्येक खेळाडू हजारो पत्त्यांतून निवडलेला स्वतःचा संच, ज्याला ‘डेक’ म्हणतात, घेऊन येतो. रूढ स्पर्धांत त्यात किमान ६० पत्ते असावे लागतात आणि मूळ भूमीचे पत्ते वगळता एकाच पत्त्याच्या चारांहून अधिक प्रती चालत नाहीत. संच पिसला जातो आणि आरंभी सात पत्ते हाती येतात. कोणते सात येतील हे खेळाडूच्या स्वाधीन नसते. परंतु जे कधीच संचात घातले नाही ते हाती येणे शक्य नाही, हे मात्र पूर्णपणे त्याच्या स्वाधीन असते.

कर्मविचारातील तीन संज्ञा येथे नेमक्या लागू पडतात. पूर्वी केलेल्या कर्मांचा साठा ते संचित, त्यातील फळ देऊ लागलेला अंश ते प्रारब्ध आणि आता घडत असलेले कर्म ते क्रियमाण. त्याचप्रमाणे सिद्ध केलेला संच हे खेळाडूचे संचित, हाती आलेले सात पत्ते हे प्रारब्ध आणि त्या पत्त्यांनिशी तो जी खेळी करतो ते क्रियमाण होय. याज्ञवल्क्यस्मृतीने पूर्वदेहातील पुरुषकार प्रकट होतो त्यालाच दैव म्हटले आहे. हा विचार येथे डोळ्यांना दिसतो, कारण स्पर्धेच्या दिवशी जे दैव म्हणून समोर येते त्याचा मोठा भाग आदल्या आठवड्यांतील विवेकाने किंवा अविवेकाने आधीच घडवलेला असतो.

हा विवेक अंकांत मांडता येतो. साठ पत्त्यांच्या संचात एखाद्या पत्त्याच्या चार प्रती असतील, तर पहिल्या सातांत त्याची निदान एक प्रत येण्याची शक्यता सुमारे ४० टक्के असते. तीन प्रतींनी ती ३१.५ टक्क्यांवर आणि दोन प्रतींनी २२ टक्क्यांवर उतरते. आवडीपोटी एकसष्टावा पत्ता घातला, तर चार प्रतींच्या पत्त्याचीही शक्यता अर्ध्या टक्क्याने घटते. हे नुकसान क्षुल्लक दिसले तरी त्यामागील वृत्ती क्षुल्लक नाही, कारण तो पत्ता बहुधा उपयोगापेक्षा आसक्तीने राहिलेला असतो. जबलपूरच्या ओमती भागात राहणारा एखादा मराठी तरुण गावातल्याच स्पर्धेची तयारी करत असेल, तर त्याला दूरच्या विजेत्यांच्या याद्या जशाच्या तशा उचलून चालणार नाही. आपल्यासमोर कोण बसतात, ते कोणत्या रीतीने खेळतात, हे ओळखून संच आणि दोन डावांच्या मध्ये बदलता येणारा पंधरा पत्त्यांचा राखीव भाग, म्हणजे ‘साइडबोर्ड’, त्याला देशकाल पाहूनच बेतावा लागेल.

एवढे करूनही तो हरू शकतो, आणि खरा नैतिक प्रश्न येथेच उभा राहतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीची अधिष्ठान, कर्ता, साधने, विविध चेष्टा आणि दैव अशी पाच कारणे सांगितली आहेत आणि केवळ स्वतःलाच कर्ता मानणाऱ्याची दृष्टी अपुरी ठरवली आहे. ज्ञानेश्वरीने या पाचांचे विस्ताराने विवरण केले, तर मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांचा मेळ घालण्यासाठी एक संपूर्ण प्रकरण दिले. या दृष्टीने पाहता एका पराभवावरून संच वाईट ठरवणे आणि एका विजयावरून तो उत्तम ठरवणे, या दोन्ही एकाच चुकीच्या बाजू आहेत, कारण दोहोंत पाचव्या कारणाचा हिशेब सुटतो. चार-पाच फेऱ्यांच्या स्पर्धेत यदृच्छेचा वाटा इतका मोठा असतो की तपासायचे ते हे, की निर्णयाच्या क्षणी जे ज्ञात होते त्यावरून तो निर्णय योग्य होता की नाही. मात्र फलासक्ती सोडणे म्हणजे फळाकडे पाठ फिरवणे नव्हे. शेकडो डावांची फळे एकत्र पाहिली असता तीच संचाचे गुणदोष दाखवतात, आणि निष्काम माणूस त्यांच्याकडे अधिक स्वच्छ नजरेने पाहू शकतो, कारण त्यांत त्याचा अहंकार गुंतलेला नसतो.

महाभारताच्या वनपर्वातील नलाची कथा याच दिशेने जाते. पुष्कराशी द्यूतात सर्वस्व हरलेला नल ऋतुपर्णाकडून अक्षहृदय, म्हणजे फाशांचे आणि संख्येचे ज्ञान, मिळवतो, आणि ते मिळताच त्याच्या देहात शिरलेला कली बाहेर पडतो. पीडेतून सुटका येथे यदृच्छेचे स्वरूप समजल्याने होते, आणि त्याच ज्ञानाच्या बळावर पुढे नल आपले राज्य परत मिळवतो.

तरीही या साम्याची मर्यादा ठामपणे सांगितली पाहिजे. पिसलेला संच नीतीच्या बाबतीत आंधळा असतो. वाईट सात पत्ते ही शिक्षा नसते. शिवाय पत्ते विकत घ्यावे लागतात, म्हणून निवडीचे क्षेत्र ज्याच्या त्याच्या ऐपतीने आधीच आखलेले असते, आणि खेळाडूचे संचित सर्वस्वी त्याच्या पुरुषकाराचे राहत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत याच कारणासाठी नाकारला, की तो दरिद्री माणसालाच त्याच्या दारिद्र्याचा अपराधी ठरवतो आणि समाजाला जबाबदारीतून मोकळे करतो. हा आक्षेप मान्य केला तरी कर्मविचाराचा एक उपयोग शिल्लक राहतो, तो असा की स्वतःच्या उद्याच्या तयारीपुरता माणसाने दैवाला आपल्याच हातचे मानावे, आणि दुसऱ्याच्या हाती आलेल्या पत्त्यांचा विचार करताना मात्र ते त्याने स्वतः मागून घेतले नाहीत हे कधीही विसरू नये.