आई घास गिळत नाही, तेव्हा

पांढुर्णा-सौंसरकडच्या घरांतून हा प्रश्न सत्संगात येतो. डिमेन्शिया शेवटच्या टप्प्याला पोचलाय, आई घास तोंडातच धरून ठेवते. नाकातून नळी टाकायची का? नाही टाकली तर तिला उपाशी मारल्याचं पाप लागेल का?

पाहुणे आले की प्रश्न अजून जड होतो. "काहीच खात नाही? मग नळी लावा न, नागपूरला न्या!" रोज चमचा धरणारी सून गप्प राहते. (वर येताना संत्री आणतात. पातळ रसानेच अशा माणसाला जास्त ठसका लागतो.)

या टप्प्यात मेंदू गिळणंच विसरत जातो, भूकही मंदावते. न खाल्ल्याने देह खंगतोय असं आपल्याला दिसतं. बहुतेकदा देह मिटत चाललाय म्हणून खाणं सुटलेलं असतं. अमेरिकेतल्या वृद्धांच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१४ मध्ये स्पष्ट सांगितलं, की हाताने भरवण्यापेक्षा नळीने आयुष्य वाढत नाही, न्यूमोनियाही टळत नाही. उलट बेचैनी वाढते, अंथरुणाच्या जखमा होतात. माणूस नळी उपसतो, मग हात बांधतात. म्हणून नळी न टाकणं म्हणजे उपाशी मारणं, हे मला पटत नाही.

मग कोणी विनोबांचं नाव घेतं. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला त्यांनी अन्न-औषध सोडलं आणि १५ तारखेला देह ठेवला. पण ते त्यांनी पूर्ण शुद्धीत स्वतः ठरवलं होतं. आईने तसं ठरवलेलं नाही, तेव्हा तिच्या वतीने ताट बंद करायचा अधिकार आपल्याला नाही. मात्र तिने ओठ मिटले, मान फिरवली, तर ते तिचं बोलणंच आहे. तेवढीच भाषा तिच्याकडे उरली. तरी घास कोंबणं ही सेवा नव्हे, जबरदस्ती आहे.

तर ताट रोज वाढायचं. सरळ बसवा, मऊ खिचडी, अर्धा चमचा, गिळल्यावरच पुढचा. गुंगीत असेल, ठसका लागला, तर थांबा. दोनच घास गेले तर दोनच. खाणं एकाएकी सुटलं तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा. तोंडात छाले, दातदुखी, ताप, बद्धकोष्ठ, एखादी नवी गोळी, काहीही असू शकतं, आणि त्यावर इलाज असतो.

आणि घरात ठरवायला बसाल तेव्हा पाहुण्याच्या आधी सुनेला विचारा. आई बोलत होती तेव्हा अशा आजारपणाबद्दल काय म्हणायची, हे बहुतेक तिलाच ठाऊक असतं.