मफकूद

वारलेल्या माणसाला आपण मरहूम म्हणतो. त्याचा जनाजा निघतो, पत्नी इद्दत पाळते, वारसांचे हिस्से ठरतात. पण जो घरातून गेला आणि ज्याची काहीच खबर नाही, त्याच्यासाठी इस्लामी कायद्यात ‘मफकूद’ हा वेगळा शब्द आहे. त्याच्यासाठी मगफिरतची दुआ मागावी की सलामतीची, हेसुद्धा घरच्यांना कळत नाही. अशा माणसाला कायद्याने जिवंत मानावे की मृत?

हनफी फिक्हचे उत्तर सरळ होते. जो जिवंत होता हे निश्चित आहे, तो नुसत्या शंकेने मृत ठरत नाही. म्हणून त्याची मालमत्ता सांभाळावी आणि त्याच्या बरोबरीचे लोक हयात असेपर्यंत थांबावे. अनेक फकिहांनी ही मर्यादा त्याच्या वयाच्या ९० व्या वर्षापर्यंत नेली. यात गैरहजर माणसाला न्याय मिळाला, पण त्याच्या तरुण बायकोचा उभा जन्म वाट पाहण्यात जाई. इमाम मालिक यांनी मात्र हजरत उमर यांच्या निर्णयाच्या आधारे ४ वर्षांची मुदत सांगितली. मौलाना अशरफ अली थानवी स्वतः हनफी. तरीही अशा स्त्रियांसाठी त्यांनी मालिकी मत स्वीकारले. त्या विचारमंथनातून १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा आला.

या कायद्याने ४ वर्षे पतीचा ठावठिकाणा नसेल तर पत्नी कोर्टात जाऊ शकते. पतीच्या वारसांना नोटीस जाते. हुकूमनामा ६ महिने अमलात येत नाही. तेवढ्यात पती परतला आणि नांदवण्याची तयारी त्याने कोर्टाला पटवली, तर तो रद्द होतो. मेहरचा हक्क बुडत नाही. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की ‘माझा नवरा मेला’ असे तिला कुठेही म्हणावे लागत नाही.

पुराव्याच्या कायद्याची रीत निराळी आहे. १८७२ च्या कायद्यातील कलम १०८, म्हणजे आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमातील कलम १११, सांगते की ७ वर्षे ज्याची खबर नाही तो जिवंत आहे हे तसे म्हणणाऱ्याने सिद्ध करावे. आयुर्विमा महामंडळाच्या एका खटल्यात २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की हे गृहीतक फक्त मृत्यूचे आहे, मृत्यूच्या वेळेचे नाही. वेळ दावा करणाऱ्याने सिद्ध करायची. मधल्या काळात हप्ते थांबले आणि पॉलिसी बंद पडली, तर ज्याचा पत्ताच नाही त्याच्या मरणाची तारीख बायकोने आणायची कुठून?

अर्जेंटिनात १९७६ ते १९८३ या लष्करी राजवटीत हजारो माणसे नाहीशी केली गेली. त्यांना मृत जाहीर करणे अनेक मातांना मान्य नव्हते. मृत्यूचा दाखला म्हणजे गुन्ह्यावर पडदा, असे त्यांना वाटे. १९९४ मध्ये तेथे ‘सक्तीने नाहीसे केल्यामुळे गैरहजर’ अशी स्वतंत्र कायदेशीर नोंद आली. कुटुंबांचे व्यवहार मोकळे झाले आणि कुणाला आपल्या मुलाला मृत म्हणावे लागले नाही.

कायद्यातील मुदत हरवलेल्या माणसासाठी नसते. मागे राहिलेल्यांच्या जगण्यासाठी असते. १९३९ च्या कायद्याने विवाहापुरते हे ओळखले. वारसा, विमा आणि पेन्शनच्या बाबतीतही तसाच मार्ग निघायला हवा. बाईला तिचा हक्क मिळावा. त्यासाठी तिच्या आशेवर तिचीच सही मागू नये.