आधी चर, मग पाणी



आजचं चिंतन : ज्ञानेश्वरी, अध्याय १३, क्षेत्र आणि क्षेत्रज्ञ

या अध्यायाच्या सुरुवातीलाच भगवंत अर्जुनाला सांगतात, की हे शरीर म्हणजे शेत. सध्या उन्हाळी भाजीपाल्याचे दिवस आहेत. बारामती-इंदापूरकडे भेंडी, गवार, काकडीसाठी रान नांगरून, शेणखत मिसळून वाफे पाडणं चाललंय. म्हणून हा दृष्टांत आज जरा मातीत उतरून पाहू.

आपल्याला वाटतं, शेत पिकत नाही ते पाण्यावाचून. जिरायत भागात ते खरंच आहे. पण तुकोबांची पालखी सणसर, निमगाव केतकीवरून इंदापूरला जाते, त्या नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात वेगळंच दुःख दिसतं. १८८५च्या सुमारास कालवा आला, पुढे ऊस आला, सुबत्ता आली. पण जिथं पाणी भरमसाट दिलं आणि निचरा ठेवला नाही, तिथं जमिनीखालचं पाणी वर चढलं. उन्हानं पाणी उडालं, क्षार वरच राहिले. काळ्या रानावर पांढरा थर! त्यात कितीही महागाचं बी टाका, धड उगवत नाही.

आपलंही असंच होतं ना? सकाळी मेट्रोत हरिपाठ, दुपारी प्रवचनाचं रील, रात्री कीर्तनाचं लाइव्ह. पाणी भरपूर! तरी घरात एका शब्दावरून भडका उडतो. कारण जुना अपमान आतच साठलाय. 'मी एवढी साधना करतो' हासुद्धा क्षारच.

म्हणून भगवंत ज्ञानाची लक्षणं सांगताना सुरुवात कुठून करतात बघा : अमानित्व, अदंभित्व, अहिंसा. तिन्हींच्या आधी 'अ'. मान नको, दंभ नको, हिंसा नको. आधी काढायचं काय, ते सांगितलं. मग क्षांती आणि आर्जव, म्हणजे सहन करणं आणि सरळ वागणं.

इंदापूर तालुक्यात आमच्या चुलत्यांचं खालचं रान असंच खारवलं होतं. उपाय ठाऊक होता. चर काढायचा, चांगल्या पाण्यानं क्षार धुवायचे, मग धैंचा पेरून फुलोऱ्याला आला की गाडायचा. पण चर ओढ्याला न्यायचा तर शेजाऱ्याच्या रानातून, आणि बांधावरून त्यांच्याशी कित्येक वर्षं बोलणं बंद. दोन हंगाम रान पडून राहिलं. शेवटी चुलते त्यांच्या दारात गेले. म्हणाले, "दादा, पाण्याला वाट द्या."

शेजारी लगेच हो म्हणाले नाहीत. चहा झाला, जुनं सगळं निघालं, आवाज चढले. मग ते हळूच म्हणाले, "माझ्याबी रानात मीठ फुटलंय. दोघांत एकच चर काढू."

रान अजून पूर्ण सुधारलेलं नाही. पण एका कोपऱ्यात यंदा धैंचा हिरवागार उभा आहे.

मंडळी, निचऱ्याची वाट बहुतेक वेळा त्याच माणसाच्या दारावरून जाते, ज्याच्याशी आपण बोलत नाही. नामाचं पाणी देवाकडून येतंच आहे. चर मात्र आपल्यालाच खणावा लागतो, आणि तो खणायचं बळही त्याच्याकडेच मागायचं.

आजचा नेम : हरिपाठ झाल्यावर अशा एका माणसाला फोन करा. वाद जिंकायला नाही, फक्त "कसे आहात?" विचारायला.

राम कृष्ण हरी!